महागडी वस्तू कुरिअरने पाठवताना: खोक्याचं काम वेगळं, कागदाचं वेगळं

१९४९ मध्ये नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर मध्यरात्री चार दिशांनी टपालाची विमानं उतरू लागली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास. चारही विमानांतली पोती खाली काढायची, मुंबईचं टपाल मुंबईच्या विमानात, दिल्लीचं दिल्लीच्या, अशी अदलाबदल करायची आणि उजाडायच्या आत विमानं आपापल्या शहराकडे रवाना. देशाच्या मधोमध वसल्यामुळे हे काम नागपूरच्या वाट्याला आलं आणि दोन दशकांहून जास्त काळ चाललं.

आजचं कुरिअरही याच पद्धतीने चालतं, फक्त विमानांच्या जोडीला ट्रक आणि सरकते पट्टे आले. नागपूरच्या प्रतापनगरातून कोइमतूरला पाठवलेलं पार्सल सरळ कोइमतूरला जात नाही. पिकअपवाला ते पिशवीत घालतो. शाखेत ती पिशवी रिकामी होते. तिथून टेम्पोने वाडीच्या बाजूला एखाद्या मोठ्या गोदामात, मग पट्ट्यावर, मग पोत्यात, मग ट्रकमध्ये. दुसऱ्या टोकाला हेच सगळं उलट्या क्रमाने. प्रत्येक टप्प्यावर ते उचललं जातं आणि ठेवलं जातं, आणि रात्री दोन वाजता हजारो पार्सलं हाताखालून जात असताना ‘ठेवणं’ या शब्दाचा अर्थ आपण घरात समजतो तो नसतो. आमच्याकडे पिकअपला येणारा मुलगा एकदा म्हणाला, “ताई, मी तर जपूनच नेतो. पण माझ्यामागं धा जण हात लावतेत याले, त्यांचं काय सांगू?” त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

मी आणि माझा भाऊ वापरलेले कॅमेरे आणि लेन्स दुरुस्त करून ऑनलाइन विकतो. वस्तूची किंमत वीस हजारांपासून दीड लाखापर्यंत. नवीन विक्रेते मला सर्वात जास्त विचारतात ते हेच, की “कोणतं कुरिअर चांगलं?” मला वाटतं हा प्रश्न फार पुढचा आहे. महागड्या वस्तूचं भवितव्य ती आपल्या टेबलावर असतानाच बरंचसं ठरलेलं असतं. वाटेत दोन संकटं येऊ शकतात: वस्तू तुटणं आणि वस्तू गायब होणं. तुटण्यापासून खोकं वाचवतं. गायब झाली तर पैसे परत मिळवून देतात ते कागद. लोक या दोन कामांची गल्लत करतात. विमा आहे म्हणून पॅकिंग ढिलं ठेवतात, किंवा पॅकिंग भक्कम आहे म्हणून पावतीकडे बघत नाहीत.

मीही तेच केलं होतं. पहिल्याच वर्षी बेचाळीस हजारांची एक लेन्स बबल रॅपचे चार घट्ट वेढे देऊन, किराणा दुकानातून आणलेल्या बिस्किटांच्या खोक्यात पाठवली. वर लाल अक्षरांत ‘काच आहे, जपून’. लेन्स पोचली तेव्हा तिचं धातूचं कडं वाकलेलं होतं. कुरिअर कंपनीचं दोन ओळींचं उत्तर आलं: पॅकिंग अपुरं, दावा नामंजूर. गिऱ्हाइकाचे बेचाळीस हजार आम्ही खिशातून परत केले. कंपनीचा राग आला होता, पण नंतर पॅकिंगचं शास्त्र समजून घेतलं तेव्हा पहिल्या वाक्यापुरतं तरी त्यांचं बरोबर होतं हे मान्य करावं लागलं.

पडल्यावर नेमकं काय होतं

वस्तू कमरेच्या उंचीवरून, म्हणजे साधारण ९० सेंटिमीटरवरून पडली तर जमिनीला टेकताना तिचा वेग ताशी १५ किलोमीटर असतो. वेग फार नाही. प्रश्न ती किती अंतरात थांबते याचा आहे. ढोबळ हिशेब असा: पडण्याची उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर. जितकं उत्तर, तितक्या पट स्वतःच्या वजनाचा भार वस्तूवर क्षणभर येतो.

बिस्किटांच्या खोक्यात घट्ट गुंडाळलेल्या लेन्सला थांबायला जेमतेम २ मिलिमीटर मिळाले असं धरू. ९० सेंटिमीटरला ०.२ सेंटिमीटरने भागलं की ४५०. लेन्सचं वजन ६०० ग्रॅम, म्हणजे तिच्या कड्यावर क्षणभर २७० किलोचा भार. आता तीच लेन्स चारही बाजूंनी, वर आणि खाली ५ सेंटिमीटर मऊ थर असलेल्या खोक्यात ठेवा. मऊ थर पूर्ण दबत नाही, साधारण निम्मा दबला की कडक होतो, म्हणून अडीच सेंटिमीटर धरा. ९० भागिले २.५ म्हणजे ३६ पट. भार २२ किलोच्या आत. लेन्स तीच, उंची तीच, जमीन तीच.

यातून दोन गोष्टी आपोआप कळतात. बबल रॅप आवळून गुंडाळला की त्यातली हवा आधीच दबलेली असते आणि दबायला जागाच उरत नाही, म्हणून तो हलक्या हाताने गुंडाळायचा. आणि खोक्यात मोकळी जागा राहिली तर थर असूनही उपयोग नाही. खोकं थांबतं, वस्तू आत पुढे जाते आणि भिंतीवर आदळते, जसे ब्रेक लागल्यावर बसमधले उभे लोक पुढच्याच्या अंगावर जातात. खोकं बंद करून कानाशी धरून हलवा. आतून काहीही ऐकू आलं तर पुन्हा उघडा.

आम्ही आता दोन खोकी वापरतो. आतलं तीन थरांचं, त्यात वस्तू फोममध्ये अशी बसलेली की हलत नाही. बाहेरचं पाच थरांचं, आणि दोन्हींच्या मध्ये सहाही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर भराव. नवे लोक तळ विसरतात. आतलं खोकं थेट बाहेरच्या खोक्याच्या तळावर ठेवतात आणि बाजूंना, वरून भराव घालतात. पार्सल सर्वात जास्त वेळा तळावरच आपटतं.

पाच थर म्हणजे काय, तर तीन सपाट कागद आणि त्यांच्यामध्ये नालीदार कागदाचे दोन पदर. तीन थरांच्या खोक्यात दोन सपाट, एक नालीदार. वजन पेलतात त्या या उभ्या नाल्या. एकदा खोकं चेपलं, त्याला घडी पडली की नाली मोडते आणि तिथे ताकद उरत नाही, बाहेरून ते कितीही ठीक दिसो. म्हणून महागड्या वस्तूला जुनं खोकं नको. इतवारीत पॅकिंगच्या सामानाच्या दुकानात हवी ती मापं मिळतात. भराव, टेप, दोन खोकी मिळून आमचा एका पार्सलमागे दीडशे रुपयांच्या आसपास खर्च होतो. रद्दी वर्तमानपत्र भराव म्हणून वापरू नका. ते एकदा दबलं की परत फुगत नाही, दुसऱ्या धक्क्याला तिथे पोकळी असते.

मोठ्या खोक्याची किंमत भाड्यातही मोजावी लागते, हे आधीच माहीत असलेलं बरं. कुरिअरवाले खरं वजन आणि आकारमानी वजन यांतलं जे जास्त असेल त्यावर भाडं लावतात. आकारमानी वजन काढायला लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. काही कंपन्या दुसरा भाजक धरतात. २०, १५, १५ सेंटिमीटरचं आतलं खोकं ०.९ किलो भरतं. सहाही बाजूंनी पाच सेंटिमीटर वाढवलं की ते होतं ३०, २५, २५ आणि वजन ३.७५ किलो. तराजूवर दीड किलोच असलं तरी भाडं पावणेचार किलोचं. हे पैसे वाचवायला जाऊ नका. वस्तूची किंमत ठरवतानाच ते त्यात धरा.

ऊन, पाऊस आणि टेप

पॅकिंगचे धडे देणारे बहुतेक व्हिडिओ थंड हवेच्या देशांतले असतात. त्यांत आपला मे महिना नसतो. नागपुरात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा बंद पत्र्याच्या टेम्पोत त्याहूनही जास्त तापतं आणि स्वस्त तपकिरी टेपचा डिंक मऊ होऊन टेप सरकू लागते. दुपारी चिकटवलेली पट्टी संध्याकाळी कडेने उचललेली मी पाहिली आहे. टेप घेताना अ‍ॅक्रेलिक डिंकाची मागा, ती उन्हात जास्त टिकते. चिकटवण्याआधी खोक्यावरची धूळ फडक्याने पुसा. नागपूरच्या उन्हाळ्यात ती असतेच. मधल्या फटीवर एक पट्टी आणि दोन्ही कडांवर दोन आडव्या पट्ट्या, खाली आणि वर दोन्हीकडे. मधली एकच पट्टी असेल तर कडेचा फाळका उचलून आत हात जाऊ शकतो.

पावसाळ्यात पुठ्ठ्याचा शत्रू दमटपणा आहे. खोकं भिजायचीही गरज नाही. कागद हवेतली ओल शोषतो आणि त्याची भार सोसण्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. म्हणजे जुलैमध्ये तेच पाच थरांचं खोकं फेब्रुवारीतल्या तीन थरांच्या खोक्यासारखं वागू शकतं, आणि त्याच्यावर ट्रकमध्ये दुसरी पंधरा पार्सलं असतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा जमिनीवर ठेवलेल्या मालाचं काय होतं हे शहरातल्या पुष्कळ दुकानदारांनी पाहिलं. तेव्हापासून आमच्याकडे पाठवायचा माल जमिनीवर ठेवत नाहीत, आणि बारा महिने आतलं खोकं जाड प्लास्टिकच्या पिशवीत सील करून, सिलिका जेलच्या पुड्या घालून मगच बाहेरच्या खोक्यात जातं.

खोकं बाहेरून साधं दिसू द्या

आम्ही ‘काच आहे’चे लाल स्टिकर लावणं बंद केलं. पट्ट्यावरच्या यंत्राला ते वाचता येत नाहीत, आणि वाचणाऱ्याला ‘आत किमती वस्तू आहे’ एवढंच कळतं. कंपनीचं मूळ रंगीत खोकं बाहेर दिसू देणं त्याहून वाईट. मोबाइल, कॅमेरा, घड्याळ यांचं मूळ खोकं नेहमी आत. दुकानाच्या नावात ‘कॅमेरा’ किंवा ‘ज्वेलर्स’ असेल तर पाठवणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचं नाव घाला.

पण इथे एक सीमा आहे आणि ती ओलांडू नका. बाहेर काही लिहू नये, याचा अर्थ कागदात खोटं लिहावं असा होत नाही. बिलावर आणि बुकिंगमध्ये वस्तूचं खरं वर्णन, खरी किंमत. ‘सुटे भाग, ५०० रुपये’ लिहून भाडं वाचवणारे मला भेटतात. पार्सल हरवलं की त्यांच्याकडे पाचशेचाच कागद असतो, आणि खोट्या वर्णनावर विमाही मिळत नाही. बिल अपारदर्शक पाकिटात घालून चिकटवा.

बॅटरीचंही असंच. लिथियम बॅटरी असलेली वस्तू असेल तर बुकिंग करताना सांगाच. नुसत्या, उपकरणाशिवायच्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, कारण एक पेटली तर शेजारच्या पेटत जातात. लपवून पाठवलेली पॉवर बँक स्कॅनरवर पकडली जाते आणि पार्सल तिथेच अडकतं.

घोषित किंमत म्हणजे विमा नव्हे

या लेखातला एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा, कारण सर्वात जास्त पैसे इथे बुडतात.

बुकिंग करताना आपण वस्तूची किंमत लिहितो: साठ हजार. पावतीवर ती छापून येते. आपल्याला वाटतं, हरवलं तर साठ हजार मिळणार. तसं नसतं. तो आकडा कर आणि ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) यांच्यासाठी असतो. कुरिअर कंपनी स्वतःहून किती भरपाई देईल हे पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं, आणि तो आकडा बहुतेकदा वस्तूच्या किमतीच्या जवळपासही नसतो.

कायदा काय म्हणतो तेही पाहा. रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी २००७ चा कायदा आहे, तो २०११ पासून लागू झाला. माल पाठवणाऱ्याने जास्त जोखमीचा दर ठरवून दिला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते. भाडं १८० रुपये तर जबाबदारी १८०० रुपयांची. साठ हजारांची वस्तू, अठराशेची भरपाई. टपाल खात्याचंही वेगळं नाही. १८९८ च्या जुन्या कायद्यात होतं आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या कायद्यातही आहे, की नियमांत जेवढी ठरवून दिली तेवढीच जबाबदारी खात्यावर येते.

ट्रान्सपोर्टने मोठा माल पाठवणाऱ्यांनी बिल्टी, म्हणजे वाहतूकदाराची माल घेतल्याची पावती, नीट वाचावी. तिच्यावर ‘ओनर्स रिस्क’ असा शिक्का असेल तर जोखीम तुमची. ‘कॅरिअर्स रिस्क’ असेल तर त्यांची, आणि त्याचा दर जास्त. बिलात एफओव्ही (फ्रेट ऑन व्हॅल्यू) नावाची एक ओळ दिसते, मालाच्या किमतीच्या प्रमाणात लावलेला आकार. ती भरली म्हणजे विमा झाला असं पुष्कळ जण धरून चालतात. शेजारी ओनर्स रिस्क लिहिलेलं असेल तर तो विमा नाही. विम्याचा हप्ता वेगळा घेतला गेला आणि हातात विमा कंपनीचं प्रमाणपत्र आलं, तरच विमा झाला असं समजा.

देशांतर्गत वाहतुकीच्या विम्याला आपल्याकडे सागरी विम्याच्याच कुटुंबात धरतात, म्हणून एजंटाकडे ‘मरीन’ किंवा ‘इनलँड ट्रान्झिट’ अशी विचारणा करावी लागते. नागपुरात समुद्र कुठला, असं वाटून लोक तो पर्याय बघतच नाहीत. त्याच्या अटी अ, ब, क अशा श्रेणींत येतात. क मध्ये आग आणि वीज यांपुरतंच संरक्षण. ब मध्ये वाहन उलटणं, धडक, पूल कोसळणं अशा मोजक्या नावानिशी सांगितलेल्या घटना. अ मध्ये वगळलेली कारणं सोडून सगळं, आणि चोरी किंवा हाताळताना तुटणं हवं असेल तर हीच श्रेणी लागते. एकेका पार्सलची पॉलिसी निघते, पण महिन्याला दहा-पंधरा महागडी पार्सलं जात असतील तर वर्षभरातली सगळी पार्सलं एकाच पॉलिसीत घेणारी खुली पॉलिसी सोयीची.

अ श्रेणीतही काय वगळलेलं आहे ते विचारून घ्या. अपुरं पॅकिंग वगळलेलं असतं, म्हणून खोक्याचं काम आणि कागदाचं काम इथे एकत्र येतं. वापरलेल्या वस्तूंना ओरखडे आणि पोचे बहुधा वगळतात. बाहेरून काहीच इजा नसताना यंत्र आतून बंद पडलं, तर तेही बहुधा वगळतात. आमच्या धंद्यात ही शेवटची अट महत्त्वाची आहे, म्हणून आम्ही पाठवण्याआधी कॅमेरा चालू करून त्याने काढलेला फोटो जपून ठेवतो.

विम्याची रक्कम कमी लिहून हप्ता वाचवण्याचा मोहही टाळा. ८० हजारांच्या मालाचा ४० हजारांचाच विमा काढला, आणि २० हजारांचं नुकसान झालं, तर वीस मिळत नाहीत. निम्मा विमा म्हणून निम्मी भरपाई, दहा हजार.

सोनं-चांदी, हिरे यांची गोष्ट वेगळी. बहुतेक कुरिअर कंपन्या ते घेतच नाहीत. टपालाने पाठवायचं तर विमा करणं सक्तीचं आहे. सराफ्यातले लोक यासाठी सिक्वेल किंवा बीव्हीसी यांसारख्या किमती मालाच्या खास वाहतूकदारांकडे जातात.

पुरावा: तराजू आणि एक न तुटलेला व्हिडिओ

‘अनबॉक्सिंगचा व्हिडिओ’ मागायची पद्धत आता सगळ्यांना माहीत आहे. पाठवणाऱ्याचा व्हिडिओ त्याहून महत्त्वाचा. आम्ही तो एका दमात काढतो, मध्ये थांबवत नाही, कारण तुकडा जोडलेला दिसला की समोरचा शंका घेतो. आधी सिरीअल नंबर जवळून, मग वस्तू चालू करून, मग पॅकिंगचा प्रत्येक थर, टेप, लेबल आणि शेवटी बंद पार्सल तराजूवर, काट्याचा आकडा आणि लेबलवरचा क्रमांक एकाच चौकटीत. लेबल आधी छापून ठेवलं तरच हे जमतं.

तराजूचा आग्रह मी उगाच धरत नाही. कुरिअरच्या मोठ्या गोदामात पट्ट्यावरच पार्सलचं वजन घेतलं जातं आणि त्याची नोंद राहते. तुमच्या व्हिडिओत १,८४० ग्रॅम, नागपूरच्या गोदामात १,८४०, आणि दुसऱ्या टोकाला १,१५० असेल, तर वस्तू कुठे गेली हे कुणाशी भांडण्याची गरज नाही, आकडेच सांगतात. दावा करताना ‘वजनाच्या सर्व नोंदी द्या’ अशी लेखी मागणी करा. परत आलेल्या मालालाही हाच नियम: उघडण्याआधी वजन, मग व्हिडिओ. परत आलेल्या खोक्यात दुसरीच वस्तू निघते तेव्हा सिरीअल नंबरचा जुना व्हिडिओ आणि हा नवा व्हिडिओ शेजारी शेजारी ठेवता आले पाहिजेत.

मार्केटप्लेसच्या स्वतःच्या वाहतुकीने माल जात असेल तर त्यांचे वेगळे दावे असतात: अ‍ॅमेझॉनवर सेफ-टी, फ्लिपकार्टवर एसपीएफ. त्यांची मुदत दिवसांत मोजली जाते आणि बदलत राहते, म्हणून ती आपल्या विक्रेता पॅनेलवर आजच बघा. इथे पुष्कळांचा एक कच्चा दुवा असतो: पिकअपचं स्कॅनिंग. घाईत असलेला मुलगा “तिथं जाऊन स्कॅन करतो” म्हणत सगळी पार्सलं पोत्यात भरतो. त्यातलं एक कमी भरलं तर ते तुम्ही दिलंच नव्हतं असं ठरतं. दारात उभं राहून प्रत्येक पार्सल स्कॅन करून घ्या आणि यादीवर सही घ्या. तो चिडला तर पाणी द्या, पण सही घ्या.

ई-वे बिल, वार आणि पत्ता

परराज्यात ५० हजारांपेक्षा जास्त किमतीचा माल जात असेल तर ई-वे बिल लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख आहे. वापरलेल्या घरगुती, वैयक्तिक वस्तू त्यातून सुटतात, पण धंदा म्हणून जुन्या वस्तू विकणाऱ्याने ही सवलत आपल्याला लागू आहे असं धरू नये. सीएला विचारा.

महागडं पार्सल आम्ही सोमवारी किंवा मंगळवारी देतो. शनिवारी दिलेलं रविवारभर कुठल्या तरी गोदामात पडून राहतं, आणि पडून राहिलेलं पार्सलच गायब होतं. सणांच्या सेलचे दिवसही टाळतो. तान्ह्या पोळ्याला तर पिकअप ठरवतच नाही. इतवारी-महालात मारबतीची मिरवणूक निघाली की गाडी तिकडून बाहेर पडत नाही आणि पार्सल दिवसभर उन्हात टेम्पोत राहतं.

गिऱ्हाईक पैसे भरून झाल्यावर पत्ता बदलायला सांगत असेल तर ऑर्डर रद्द करून नव्या पत्त्यावर नव्याने घ्यायला सांगा. मार्केटप्लेसचं संरक्षण नोंदवलेल्या पत्त्यापुरतंच असतं. ओटीपी सांगितल्याशिवाय पार्सल न देण्याची सोय आता खाजगी कुरिअरकडे आहे आणि स्पीड पोस्टलाही थोडे जास्त पैसे भरून मिळते. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे, तेव्हा जुन्या सवयीने ‘रजिस्टर’ करायला जाणाऱ्यांनी खिडकीवर ही सोय मागून घ्यावी.

काही बिघडलंच तर

पहिल्या दिवशी फोन, दुसऱ्या दिवशी फोन, मग आठवडाभर वाट, असं करत लोक मुदत घालवतात. फोनला पुरावा नसतो. त्याच दिवशी कुरिअरला आणि विमा कंपनीला ईमेल गेला पाहिजे. गिऱ्हाइकाला सांगा, खोकं, भराव, सगळं जसंच्या तसं ठेवा, आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत वस्तू दुरुस्तीला नेऊ नका.

वाहतूकदाराला लेखी नोटीस पाठवणं हे विमा असला तरी टळत नाही. विमा कंपनी तुम्हाला पैसे देते आणि मग तुमच्या जागी उभी राहून वाहतूकदाराकडून वसूल करते. तुम्ही नोटीसच दिली नसेल तर तिचा वसुलीचा हक्क बुडतो, आणि त्याचा राग तुमच्या दाव्यावर निघतो. २००७ च्या कायद्यानुसार ही नोटीस माल बुक केल्यापासून १८० दिवसांत गेली पाहिजे. मोजणी बुकिंगच्या तारखेपासून होते, नुकसान कळल्याच्या तारखेपासून नाही.

धंद्यासाठी सेवा घेणारा माणूस ग्राहक ठरत नाही, असं सांगून काही कंपन्या लहान विक्रेत्यांना वाटेला लावतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात याला एक अपवाद आहे: स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू धंद्यासाठी घेतली असं धरत नाहीत. त्यात सेवांचा शब्दशः उल्लेख नाही, म्हणून तुम्ही ग्राहक ठरालच याची खात्री नसते. घरून चालणाऱ्या, दोघा-तिघांच्या धंद्यांनी हा मुद्दा तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात मांडावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आमच्या प्रत्येक खोक्यात सगळ्यात वर एक चिठ्ठी असते. पार्सल घेताना ते फाटलेलं, चेपलेलं दिसलं तर सही करताना तसं लिहा. उघडण्याआधी वजन करा, जमलं तर. उघडताना व्हिडिओ काढा, मध्ये थांबवू नका. चौथी ओळ हिवाळ्यात डोंगराकडे किंवा पावसाळ्यात कोकणात माल जातो तेव्हाची: खोकं घरात आणल्यावर चार-पाच तास बंदच ठेवा. गारठलेली लेन्स उबदार, दमट हवेत उघडली की काचेच्या आत वाफ धरते, आणि मग गिऱ्हाईक फोन करतं की आत बुरशी आहे.